दियारच्या पायांतली दोरी

सासरच्या घरातल्या माणसांची नावं सुनेनं घ्यायची नाहीत, अशी आमच्यात रीत. म्हणून लग्न होऊन ह्या कारागांडी शहरात आले तेव्हा नणंदेला मी भिंगरी म्हणायला लागले. नऊ वर्षांची होती. स्केट्स घालून बर्फावर गरागरा फिरायची, आणि घरात चहाचा पेला हातात असला तरी गिरकी घेतल्याशिवाय बसायची नाही. पुढे सगळी इमारतच तिला भिंगरी म्हणू लागली.

तिच्यामागे मी किती राबले, ते माझं मला ठाऊक. हॉकीवाली पोरं यायच्या आधीच बर्फ मोकळा मिळायचा, म्हणून पहाटेच्या मरणाच्या थंडीत तिला घेऊन बसची वाट बघायची. तिच्या झग्यांवरचे मणी मीच टाचले. ती देशाच्या संघात गेली त्या दिवशी अपा, म्हणजे माझी सासू, जिन्यात भेटेल त्याचे मुके घेत सुटली होती.

तेव्हापासून आमच्या भागात कुणाचंही मूल पहिलं पाऊल टाकू लागलं की बोलावणं भिंगरीला. मुलाच्या पायांत काळ्या-पांढऱ्या धाग्याची दोरी बांधायची आणि एखाद्या चपळ, नशीबवान माणसाकडून ती कापून घ्यायची. ज्यानं कापली त्याची चाल मुलाला लागते म्हणतात.

"अर्धी कारागांडी माझ्या पायांनी धावते, वहिनी," ती ऐटीत म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात ती स्पर्धेत उडी घेताना पडली. खुब्याचं हाड गेलं. दोन ऑपरेशनं झाली. चालेल, पण लंगडेल, उडीचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ही मात्र स्केट्सच्या पात्यांना धार लावून आणायची. "उन्हाळा संपला की उतरते बर्फावर," म्हणायची, आणि आम्ही मेले सगळे माना डोलवायचो.

बोलावणी बंद झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईनं नातवाची दोरी गुपचूप दुसऱ्याकडून कापून घेतली आणि आम्हाला समारंभातले बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, तेवढे पाठवले. भिंगरीनं एक खाल्ला आणि छान झालेत म्हणाली. माझा नुसता संताप संताप झाला.

अशात माझा दियार उभा राहिला. किती पिरांना साकडं घातलं तेव्हा, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, पदरात पडलेलं हे एकच पोर. भिंगरी लंगडत स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, दियारची दोरी मीच कापणार ना?"

"मग काय शेजारची मांजर कापणार?"

ती हसली नाही. "तू कापू दिलीस ना, तर मी खरंच बर्फावर उतरेन. माझे पाय अजून कुणाला तरी हवेत, एवढं कळलं की बास."

अपाला हे सांगितलं तर तिनं कणीक मळता मळता हात थांबवले.

"माझ्या पोटची पोर आहे गं ती. मला काय दुःख नाही? पण नातवाच्या पायांचा प्रश्न आहे. आपल्या झानेलला सांगू."

झानेल म्हणजे अपाची भाची. "झानेल? ती जन्मात कधी बससाठी पळाली नाही!"

"तिला पळावं लागत नाही. नवऱ्याची गाडी आहे. नशीब म्हणतात ते हेच."

"अपा, मुलगा माझा आहे. भिंगरीच कापेल, नाहीतर राहू दे त्याला तसाच बांधलेला!"

अपा पिठाच्या हातांनीच डोळे पुसत म्हणाली, "काप म्हणावं."

समारंभाला घर माणसांनी भरलं होतं. आमच्या ह्यांनी दियारला गालिच्यावर उभं केलं. भिंगरी गुडघ्यावर बसायला वाकली, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या पायाला चिकटले. मेल्यांना दुसरीकडे बघवेना. ती कशीबशी खाली टेकली आणि कात्रीची टोकं दोरीत घातली. दियार खिदळत तिचं नाक ओढत होता. ती त्याच्या गुबगुबीत पावलांकडे बघत राहिली.

"काप की गं!" मी म्हटलं.

तिनं कात्री बाहेर काढली. "नको, वहिनी. ह्याला माझे पाय नकोत. झानेल, ये, तू काप."

सगळ्या खोलीनं श्वास सोडला. मी कानांनी ऐकला. त्यात अपाचा होता, आमच्या ह्यांचाही होता. झानेलनं दोरी कापली, दियार दुडुदुडु धावला, मिठाई उधळली गेली, पोरं तिच्यावर तुटून पडली. भिंगरी खालीच बसून टाळ्या वाजवत होती. तिला उठता येत नाहीये, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी जाऊन तिचा हात धरला. "असं का केलंस गं? मी सगळ्यांशी भांडले तुझ्यासाठी!"

"खरं सांग," ती हळूच म्हणाली. "मी कापली असती, तर तुला भीती वाटली असती?"

"नाही," मी म्हणाले. पण म्हणायला जरासा उशीर झाला.

तिनं माझा हात सोडला, आणि भिंतीला धरून एकटीच उठली.