समाजमंदिरातले दोन टन कपडे

भुकूमच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दारापासून थेट विठोबाच्या तसबिरीपर्यंत जुन्या कपड्यांची गठुडीच गठुडी. शनिवारी तिथे गेणबांच्या नातीचा साखरपुडा, आणि आज बुधवार.

"नलिनीताई, पावण्यांना गठुड्यावर बसवायचं का?" समाजमंदिराची देखरेख करणाऱ्या गेणबांनी दारातूनच विचारलं. "शुक्रवारी सांजच्याला हे मोकळं न्हाई झालं, तर समदं खाणीत नेऊन पेटवून देईन. अन् पुन्यांदा जागा मागू नगा."

लोक जुने कपडे ओढ्याकाठी जाळतात, तो काळा धूर घराघरांत शिरतो, म्हणून तर नलिनीने बचत गटातल्या बायकांना घेऊन कपडे गोळा करायचं हे काम अंगावर घेतलं होतं. आता तेच कपडे तिच्याच नावाने जळायचे होते.

चूक दोघींची होती, तिची आणि ऋतिकाची. जांब्यात भाड्याने राहणाऱ्या, लातूरकडच्या ऋतिकाने उत्साहाच्या भरात नेरे, जांबे, भुकूम, सगळ्या सोसायट्यांना कपडे द्यायला एकच रविवार कळवला. आणि नलिनीने आलेले कपडे घरच्या कपाटासारखे लावून घेतले: पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, पोराबाळांचे वेगळे. दोन दिवस बायकांनी घड्या घातल्या. टेम्पो चिंध्यांपासून सूत काढणाऱ्या कारखान्यात गेला आणि भरलेला तसाच परत आला.

"काकू, मशीनला शर्ट आणि झबलं सारखंच हो," तिथला शैलेश फोनवर म्हणाला. "त्याला फक्त सुती चालतं. तेही दिवसाला तीनशे किलो. त्यावर एक किलो पचत नाही."

"माझ्यामुळे झालं हे," ऋतिका म्हणाली. तिने ऑफिसातून सुट्टी टाकली होती. "आता काय करायचं, काकू?"

"आधी पौडला जाऊन कापूस आणू."

ऋतिका बघतच राहिली. पण रोज एकशे आठ वाती वळायचा नलिनीचा नेम होता, घरातला कापूस संपला होता, आणि नेम मोडून तिला पुढचं काही सुचलंच नसतं. ऋतिकाने स्कूटर काढली.

पौडला ताजबीचं गाद्यांचं दुकान. घराणं पिंजाऱ्यांचं. नलिनी वातींचा कापूस वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घेई.

"काय गं, त्वांड का सुकलंय? आज कंचा उपास?" ताजबीने विचारलं.

नलिनीने सगळं सांगितलं. ताजबीने कपाळावर हात मारला. "अगं येडे, दोन टन चिंध्या घिऊन बसलीस, अन् मला सांगत न्हाईस? जांब्यात भाड्यानं ऱ्हाणाऱ्या पोरांच्या खोल्यांना दीडशे गाद्या द्यायच्यात मला. माझ्या पोरानं, जुनैदनं, चिंध्या फाडायचं मशीन आणलंय. भरायला माल मात्र लांबून मागवतीय, अन् त्यो बी येळंवर येत न्हाई!"

"पण भाभी, निम्मं कापड पॉलिस्टरच्या मिसळीचं आहे."

"गादीला मिसळ चालती. कोरडी पायजे, बटनं-चेनी काढून. सुती कारखान्याला दे, मिसळ मला."

"पण ओळखायचं कसं?" ऋतिकाने विचारलं. "कित्येकांवर लेबलंच नाहीत."

ताजबीने ऋतिकाच्या ओढणीचा सुटलेला धागा ओढला आणि नलिनीच्या हातात दिला. नलिनीने वातीसारखा पीळ दिला, सोडला. धागा टुणकन उलगडला.

"हे सुती नाही गं," ती हळूच म्हणाली.

"दुकानदार तर शपथेवर सुती म्हणाला होता!"

दुपारी बचत गटाच्या बाराही बायका गठुडी सोडून बसल्या. वाती वळणारी बोटं सगळ्यांचीच. कापडाचा धागा ओढायचा, पिळायचा, पीळ टिकला तर सुती म्हणून उजवीकडे, सुटला तर मिसळ म्हणून डावीकडे. मऊ साड्या गोधड्यांसाठी बायकांनी आपापसात वाटून घेतल्या, त्यावरून दोघींचं जरा वाजलंही.

संध्याकाळी पहिला टेम्पो कारखान्याकडे गेला. नलिनी फोन मुठीत धरून बसली. वाजला तेव्हा उचलायचा धीर होईना.

"घेतला, काकू," शैलेश म्हणाला. "एक पिशवी सोडून सगळं बरोबर."

"त्या पिशवीत काय होतं?"

"लेगिंग्ज."

नलिनीच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. पुढच्या दोन दिवसांत सुती रोज तीनशे किलो कारखान्याकडे गेलं, आणि मिसळ जुनैदच्या गाडीने, खेपेखेपेने पौडला. शुक्रवारी चारच्या सुमाराला कोपऱ्यात फक्त रेनकोट आणि दप्तरं राहिली. ती कोणालाच नको होती. ऋतिकाने त्यांचा फोटो काढून सगळ्या सोसायट्यांना पाठवला: हे देऊ नका. आणि यापुढे दर सोमवारी एकच गाव. किती माल पचेल ते कारखाना आणि ताजबीभाभी आधी सांगतील, तेवढाच मागवू.

झाडून झालं आणि गेणबा आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं.

"सोमवारी किती गठुडी येत्याल?"

"पंधरा. सोळावं नाही."

"मंग येऊ द्यात," ते म्हणाले, आणि रेनकोटांचा ढीग स्वतःच उचलून बाहेर ऋतिकाच्या स्कूटरपाशी नेऊन ठेवला.

नलिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिने पाय पसरले.