बादशहाला चहा पाजू नका

महाशिवरात्रीच्या दुपारी मुंजाजीच्या मेंढ्यानं, म्हणजे बादशहानं, देवळामागच्या पातेल्यातला भांगेचा सगळा गाळ चाटूनपुसून साफ केला. दुसऱ्या दिवशी त्याला आखाडा बाळापूरच्या पशुप्रदर्शनात उतरायचं होतं, आणि हा पठ्ठ्या अंगणात चारी पाय फाकवून डुलत होता. मुंजाजीचा जीव टांगणीला लागला.

भांग चढली की कोरा चहा, हा गावाचा ठरलेला उपाय. माणसाला तोच अन् जनावरालाही तोच! मुंजाजीच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, मूठभर पत्ती टाकून काळाकुट्ट चहा उकळला. शेजारच्या संतरामनं तो बाटलीत भरला आणि मेंढ्याचा जबडा धरला. तेवढ्यात लेक रागिणी मध्ये पडली. ती नांदेडला औषधशास्त्र शिकत होती. चहा-कॉफीतलं कॅफीन नशेच्या पदार्थांसोबत मेंदूत काय करतं, हा तिचा दोन वर्षांचा अभ्यास. गावाला तेवढंच पुरे होतं. पोरगी चहा प्यायचं शिकून राहिली म्हणे!

"आबा, चहा पाजू नका," ती म्हणाली. "चहा मेंदूतल्या झोपेच्या कुलपात जाऊन बसतो. भांगेचं कुलूप येगळं. नशा तशीच राहील, अन् काळीज दुप्पट पळंल."

शिवाय गुंगीतल्या जनावराच्या घशात ओतलेलं फुफ्फुसात उतरतं, हेही तिनं सांगितलं. संतराम फिदीफिदी हसला. मेंढा गेला तर गाव माझ्या लेकरालाच बोल लावील, म्हणून सत्यभामाबाई वेगळीच कावली. रागिणीच्या अभ्यासात उंदीर होते, इथं बापाचा लाडका होता. चुकलं असतं तर बापानं तिच्या शब्दावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता. तरी ती तसूभर हटली नाही.

मुंजाजीनं एकवार मेंढ्याकडं पाहिलं, एकवार लेकीकडं, आणि बाटली उकिरड्यावर रिकामी केली.

तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही चहाला सक्त मनाई केली. त्यांनी सांगितलं तसं बादशहाला सावलीत छातीवर बसवलं, दोन्ही बाजूंनी पोती लावली. पोट फुगतंय का, हे बापलेक आळीपाळीनं बघत राहिले.

सकाळी बादशहा उठला, अंग झाडलं आणि थेट सुपातल्या ज्वारीत तोंड घातलं. सत्यभामाबाईनं त्याला सवयीनं शिवी हासडली आणि तिथंच रडायला लागली. डॉक्टरांनी येऊन तपासलं, खुशाल न्या म्हणाले.

आणि बादशहानं पहिला नंबर मारला! तालुक्यातले सगळे मेंढे एकीकडं अन् आपला गडी एकीकडं. पहिल्या नंबरचं जनावर मालकानं दावं धरून मैदानात मिरवायचं, अशी तिथली रीत. आजवर बाईमाणसानं ते दावं धरलं नव्हतं. मुंजाजीचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, फेटा सारखा केला आणि दावं रागिणीच्या हातात दिलं. मालकानंच यावं, असं माईकवरून पुन्हा बजावलं गेलं.

"कालपस्तोर मी व्हतो मालक," मुंजाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता हिनं वाचवलाय. हीच फिरवंल."

हलगी कडाडली. रागिणी दावं घट्ट धरून मैदानात उतरली, आणि मुंजाजी दोन पावलं मागून चालू लागला.