त्रेपन्न सेंटीमीटर

मी क्रीडा संकुलात फरशी पुसते, म्हणून काय मला मोजपट्टी वाचता येत नाही? गेल्या सोमवारी कोचनं भिंतीवर एकेकाच्या उडीचा तक्ता लावला आणि सगळ्या पोरांसमोर बोट ठेवून वाचला. इथल्यांची उडी सरासरी अठ्ठेचाळीस सेंटीमीटर, आमच्या बाहेरून आलेल्या लोकांची एक्केचाळीस. "तुमच्या पायांत जन्मजातच जोर कमी," म्हणाला. "संघात इथलीच पोरं जातील. मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतंय."

माझी लेक पंधरा वर्षांची. संघात गेली तर वसतिगृह, शिक्षण, सगळं. नाही गेली तर माझ्यासोबत फरशी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

कारण मोजणीच्या दिवशी खडू घेऊन मीच उभी होते. आधी भिंतीलगत उभं राहून हात वर करायचा, बोटाची खूण करायची. मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. आमच्या पोरांवर हा बाबा ओरडत होता, "ताण हात, अजून ताण, खांदा वर घे." त्यांच्या पोरांनी कोपर वाकवून खूण केली तरी हूं की चूं नाही. पहिली खूण खाली आली की उडी आपोआप मोठी दिसते. एवढं तर कुणालाही कळेल.

मी बादली खाली ठेवली. "सगळ्यांना परत मोजा," म्हटलं. "सारखे हात ताणून."

"तू मला शिकवणार?"

"शिकवते की. शिकायची तयारी आहे का?"

पोरं हसली. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझी पोर मोजणीला नव्हती, तिला मोजतो, फक्त तिला. मग तोंड काळं कर इथून."

त्यानं स्वतः तिच्या टाचा तपासल्या, खांदा वर ढकलला. पोरीनं उडी मारली. त्यानं दोनदा मोजलं. त्रेपन्न. तक्त्यात एवढी कुणाचीच नव्हती.

"घेतो हिला," तो म्हणाला. "पण तुमच्या रकान्यात त्रेपन्न बसत नाही. इथल्यांत लिहितो." मग माझ्याकडे बघून हसला. "बाप आमच्यातलाच असेल. तुलाच ठाऊक."

नवरा जाऊन चार वर्षं झालीत माझा. उडी मारायला पोरीला त्यानंच शिकवलं होतं. मी ओला फडका त्या मेल्याच्या अंगावर फेकला. "आमच्यात लिही, नाहीतर लिहूच नको."

त्यानं शर्ट झटकला, पेन उघडलं आणि लेकीला विचारलं, "तू सांग. जायचंय ना?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. "इथल्यांत लिहा, सर," म्हणाली.

त्यानं लिहिलं. त्या माणसाचा राग माझ्या अंगवळणी पडलाय. पोरीचा आलाय तो कुठे ठेवू, कळत नाही. आज सकाळपासून तिची वसतिगृहाची बॅग भरतेय.