उजव्या हाताचा माउस

दुकानदाराने काचेवर तीन माउस मांडले आणि किशनरावांनी त्यातला सगळ्यात मोठा उचलून तळहातावर तोलून पाहिला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस. कुठलंही हत्यार घेताना आधी त्याची मूठ बघायची, ही त्यांची जुनी सवय. मूठ हाताला बसत नसेल तर कानस लोखंडाआधी माणसाला झिजवते, असं ते नव्या भरतीच्या पोरांना सांगत.

आबिड्सच्या बाजारातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात ते सुजाता आणि संघपाल या दोन्ही लेकरांना घेऊन आले होते. आठवड्यापूर्वी घरात कॉम्प्युटर आला होता. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, सुजाताच्या पगारातून घेतलेला. त्याच्यासोबत आलेल्या माउसचं बटण एकदा दाबलं की वर येतच नसे. नवा घेणं भाग होतं, आणि तो दोघांच्याही उपयोगाचा हवा होता.

सुजाता नारायणगुड्यात एका नकाशाच्या कंपनीत कामाला होती. परदेशातल्या कुठल्याशा गावाचे कागदी नकाशे पडद्यावर यायचे आणि त्यातले नळ, गटारं, विजेचे खांब माउसने गिरवायचे, हे तिचं काम. दिवसाचे आठ तास ती न पाहिलेल्या गल्ल्यांमधून फिरत असे. जानेवारीत कंपनी नव्या प्रोग्रॅमची परीक्षा घेणार होती. पास होतील ते कायम होणार, बाकीच्यांचं काही सांगता येत नव्हतं. त्या सरावासाठी तिने घरी कॉम्प्युटर घेतला होता. संघपालला त्याच वर्षी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. देगलूरकडच्या त्यांच्या भावकीत इंजिनिअर होणारा तो पहिलाच. घरात त्याचा शब्द सहसा खाली पडत नसे. त्याला माउस हवा होता गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी.

सुजाताने तिन्हींतला सगळ्यात लहान, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस उचलला. तो डाव्या हाताखाली धरून तिने काचेवर एक लांब वळण काढलं, मग त्याला जोडून दुसरं. ती जन्माची डावरी. तिचा चेहरा जरा मोकळा झाला.

"ताई, याला ग्रिपच नाही," संघपाल म्हणाला. "रेसमध्ये सटकते हे."

दुकानदाराने लगेच त्याची री ओढली. "हौ साब, बडा वाला लेलो. गेम भी होता, काम भी होता. पूरा हाथ भरता इसमें."

मोठ्या माउसला डाव्या अंगाला अंगठा टेकवायला खोबण होती आणि उजवीकडे फुगवटा. किशनरावांनी तो संघपालच्या हाताखाली दिला, मग स्वतःच्या. बापलेकांचे पंजे सारखेच, रुंद. दोघांनाही तो चपखल बसला. मग आठवण झाल्यासारखा त्यांनी तो सुजाताकडे सरकवला. तिने डावा हात ठेवला तर फुगवटा अंगठ्याच्या मुळाशी रुतला. दुकानदार हसला आणि म्हणाला, अम्मा, वो सीधे हाथ का है. तिने हात बदलला. बटणांच्या टोकापर्यंत तिची बोटं जेमतेम पोचत होती.

"चालंल, बाबा," ती म्हणाली.

किशनरावांनी माउस बांधून घेतला.

गौलीगुड्यातल्या त्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला होता. ठरलं असं होतं की संध्याकाळी आधी सुजाताने सराव करायचा, मग संघपालने खेळायचं. पण संघपाल कॉलेजातून तिच्याआधी घरी येई आणि ती येईपर्यंत शर्यत रंगात आलेली असे. खरं सांगायचं तर यात किशनरावांचाही हात होता. ड्यूटीवरून आल्यावर पाय धुऊन ते खाटेवर बसत आणि पोराची लाल गाडी घाटातून सुसाट जाताना बघत. आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केली, पण स्टिअरिंगला कधी हात लागला नव्हता. संघपाल उठायला लागला की कधीकधी तेच म्हणत, अजून एक होऊन जाऊ दे. सुजाता तोवर आईला, मनकर्णाबाईंना, भाकरी थापू लागायची. तिने कधी घाई केली नाही. उरलेला सराव ती पहाटे उठून करायची, त्याच मोठ्या माउसवर, उजव्या हाताने.

डिसेंबरात तिच्या हातून पहिल्यांदा पेला निसटला. मग एकदा वरणाची वाटी. मनकर्णाबाईंनी विचारलं तर म्हणाली, झोपेत हात दबला असंल. किशनरावांनी वर्कशॉपजवळच्या दुकानातून मलम आणून दिलं. त्यांना वाटलं, काम करणाऱ्याचा हात दुखायचाच. आपला नाही का दुखत.

जानेवारीत परीक्षा झाली. घरी येऊन तिने चप्पल जागेवर ठेवली आणि इतकंच म्हणाली, "नाही झालं." किशनरावांनी समजूत घातली की या कंपन्यांचं असंच असतं, पुढच्या खेपेला होईल. ती हो म्हणाली. महिनाअखेरीस ती डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवर ठेवायची उशी घेऊन घरी आली, तेव्हा पुढची खेप नसल्याचं सगळ्यांना कळलं. आणि मनकर्णाबाईंनी प्रथमच नवऱ्याला जरबेने सांगितलं की उद्या रजा टाका आणि पोरीला दवाखान्यात न्या. तिला वेणी घालता येईनाशी झाली आहे.

डॉक्टरांनी सुजाताचा उजवा पंजा उलटासुलटा करून पाहिला, बोटांची टोकं टोचून कळतं का विचारलं. अंगठ्याजवळचा मांसल भाग खोलगट झाला होता. किशनरावांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मनगटातली नस दबली आहे, डॉक्टर म्हणाले, कदाचित ऑपरेशन करावं लागेल. गेलेली ताकद पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, लिहितेस कुठल्या हाताने? ती म्हणाली, डाव्या. आणि माउस? उजव्या. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कायकू?"

सुजाताने उजवा हात ओढणीखाली घेतला.

बसस्टॉपवर दोघं बराच वेळ उभे होते. दोन बसा आल्या आणि गेल्या. किशनराव चढले नाहीत म्हणून तीही चढली नाही. शेवटी त्यांनी डॉक्टरांचाच प्रश्न विचारला. मग तिने सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तशी. ऑफिसात एक मशीन तीन पाळ्यांना, माउसची वायर टेबलाच्या उजव्या अंगाला पट्टीने आवळलेली. दोन वर्षं हात दुखत होता, पण निभत होतं. परीक्षेच्या दिवशी वायर सोडून देऊ, डाव्या हाताने कर, असं साहेब कबूल झाले होते. म्हणून घरी डाव्याने सराव करायचा तिचा बेत होता. तीन महिने पुरले असते. पण घरीही उजवाच हात राबला, आणि तो परीक्षेच्या आतच संपला. त्या दिवशी तिने डाव्या हाताने करून पाहिलं. रेघा बरोबर आल्या, पण अर्धा नकाशासुद्धा झाला नाही.

"मग दुकानात बोलायचं होतं की, बाई," किशनराव म्हणाले.

"मी डाव्या हातात धरून दाखवला होता, बाबा."

तिच्या आवाजात राग नव्हता. किशनरावांनी रस्त्याकडे पाहिलं. तिने दाखवला होता, आणि त्यांनी तो पाहिला होता. काचेवरची ती दोन वळणंही त्यांना आठवत होती.

रविवारी त्यांनी माउस उलटा करून मागचा स्क्रू काढला, वरचं कवच वेगळं केलं आणि उंबऱ्यात बसून बारीक कानशीने फुगवटा घासायला घेतला. फुगवटा उतरला तर डाव्या हातालाही चालेल, एवढाच त्यांचा हिशेब. लोखंड त्यांना कळत होतं, प्लॅस्टिक नाही. दहा मिनिटांत कवचाला आरपार भोक पडलं. आतून ते पोकळच होतं. तरी ते घासत राहिले. संघपाल मागे येऊन उभा होता. त्याने खाली बसून बापाच्या हातातली कानस तेवढी हळूच काढून घेतली. दुपारी तो एकटाच आबिड्सला गेला आणि लहान, दोन्ही बाजूंनी सारखा माउस घेऊन आला. कॉम्प्युटरच्या डाव्या बाजूला त्याने तो स्वतः लावला.

सुजाताने त्याचं मन राखायला चार रेघा काढून पाहिल्या. चांगल्या आल्या. महिनाभराने तर ती पूर्वीसारखी भराभर गिरवू लागली, पण एव्हाना कंपनीने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती, आणि बाकी ठिकाणी त्या प्रोग्रॅमची परीक्षा पास झाल्याचा दाखला मागत. पुढे तिला एका चष्म्याच्या दुकानात फोन घ्यायचं काम मिळालं. ऑपरेशन झालं. दुखणं गेलं. संघपालने शर्यतीचा गेम काढून टाकला होता.

डॉक्टरांनी रोज करायला एक व्यायाम सांगितला होता. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी किशनराव लेकीसमोर बसत आणि आपली दोन बोटं तिच्या उजव्या मुठीत देत. तिने ती जमेल तितकी आवळायची. तिची नजर मुठीवर असे आणि त्यांची तिच्या कपाळावर, जिथे जोर लावताना एक शीर वर येई. जूनमधल्या एका सकाळी ते वाट बघत राहिले. बाहेर बसस्टँडकडून कंडक्टरांच्या हाका येत होत्या.

"दाब की, बाई," ते म्हणाले.

"दाबलंय, बाबा."

त्यांनी बोटं तिच्या मुठीतच राहू दिली. मग म्हणाले, कालच्यापेक्षा आज बराच जोर आहे.