खंडेनवमीच्या बाणाचे पाते

मी एक जुने पोलादी पाते आहे, मित्रांनो. बाणाच्या टोकाला बसवतात ते. लांबीने करंगळीएवढे, दोन बाजूंना धार आणि बूड पोकळ. त्या पोकळीत लाकडी काडीचे निमुळते टोक शिरते आणि मधला, तापवल्यावर मऊ होणारा डिंक आम्हा दोघांना धरून ठेवतो. धारेचे कौतुक सगळे करतात. पण तो सांधा सुटला, तर धार असून काही उपयोग नसतो.

माझ्या तारुण्याची बरीच वर्षे न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी, हेमी नावाच्या शिकाऱ्याच्या डब्यात गेली. हेमी म्हातारा झाला, त्याची नजर अधू झाली, तेव्हा त्याने तो डबा शेजारणीला दिला. तिचे नाव मृदुला. ती मूळची पुण्याची, एका प्रयोगशाळेत वस्तूंची मजबुती तपासणारी. तिथल्या डोंगरांत रानशेळ्या जंगलाची कोवळी रोपे उगवू देत नाहीत, म्हणून त्यांची शिकार करतात. हेमीने तिला धनुष्य शिकवले आणि पहिल्याच दिवशी बजावले, "जनावराला तडफडू द्यायचं नाही. तेवढं जमत असेल तरच ये."

मृदुलाने ते फार मनावर घेतले. काडीचे टोक ती घासून घेई, स्पिरिटने पुसे आणि नंतर त्याला बोटसुद्धा लावत नसे. बोटाचे तेल लागले तरी डिंक नीट धरत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. मग डिंकाची कांडी ज्योतीवर मऊ करून ती टोकाला फासायची, मला चिमट्यात धरून तापवायची, पिळत पिळत बसवायची आणि थंड पाण्यात बुडवायची. तीन वेळा मी तिच्याबरोबर डोंगरात गेले. तिन्ही वेळा जनावर जागीच पडले. "स्वीट ॲज!" हेमी मला उन्हात धरून म्हणाला होता, म्हणजे एकदम झकास. तिसऱ्या वेळी माझी काडी मात्र मोडली.

गेल्या ऑक्टोबरात मृदुलाची आई, प्रमोदिनीबाई, दोन वर्षांनी लेकीकडे आल्या. खंडेनवमीच्या सकाळी मृदुलाने गॅरेजमध्ये माझ्यासाठी नवी काडी घासूनपुसून ठेवली होती. एवढ्यात प्रमोदिनीबाई पूजेचे तबक घेऊन आल्या.

"आई, थांब गं, ते आत्ताच पुसलंय."

"मग चांगलंच झालं की! पारोशा शस्त्राची का पूजा करतात? पुण्यात पाल दिसली की पलंगावर चढायचीस, आणि इथं बोकड मारतेस! मी काही ते मटण खायची नाही, सांगून ठेवते. पण घरात शस्त्र आहे, तर आज त्याला कुंकू लागलंच पाहिजे."

गुळगुळीत लाकडावर कोरडे कुंकू टिकेना. बाईंनी निरांजनातल्या तुपात बोट बुडवले आणि नेमके त्या निमुळत्या टोकावर कुंकू लावले. मग हात जोडून डोळे मिटले.

स्पिरिटची बाटली मृदुलाच्या हाताशीच होती. तिने बाटलीकडे पाहिले, आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. आईने लावलेले कुंकू तिच्यादेखत खसाखसा पुसायचे तिला धाडस झाले नाही. तिने कोरड्या कागदाने टोक हलकेच टिपले आणि मला बसवले. थंड झाल्यावर ओढून पाहिले. मी निघाले नाही. हाताच्या ओढीला मी पुरले, एवढेच. आईची पाठ वळली की उखडून पुन्हा बसवू, असे तिच्या मनात होते. पण दुसऱ्या दिवशी दसरा होता, श्रीखंड होते, पाहुणे होते. ते राहून गेले.

रविवारी ती हेमीला घेऊन डोंगरात गेली. वीस पावलांवर एक बोकड आडवा उभा होता. बाण सुटला, मी त्याच्या खांद्याच्या हाडावर आदळले आणि त्याच क्षणी सांध्यातून निसटले. काडी गवतात पडली. मी तिरपे होऊन आत अडकले. बोकड उधळला. त्याच्या प्रत्येक पावलाला मी थोडे थोडे कापत होते. मित्रांनो, धारेला थांबता येत नाही.

तिकडे मागे मृदुलाने काडी उचलली, तेव्हा हेमीने तिचे टोक डोळ्यांजवळ नेले. "हे लाल काय आहे?"

"कुंकू. आईनं लावलं होतं, तुपात कालवून." मग ती म्हणाली, "मला माहीत होतं, हेमी."

अंधार पडेपर्यंत ते शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मृदुला उजाडताच परत आली. ओढ्याकाठी, नेच्यांच्या झुडपात बोकड पाय दुमडून बसला होता. जिवंत होता. तिला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. पाते नीट बसवलेल्या जुन्या बाणाने तिने त्याला त्या यातनांतून सोडवले आणि मग मला बाहेर काढले.

घरी प्रमोदिनीबाई दारातच होत्या. "मिळाला का गं?"

मृदुलाने मूठ उघडून मला दाखवले आणि सगळे सांगितले. आई खाली बसल्या.

"अगं, मग तेव्हाच बोलायचंस ना! पुसून टाकायचं होतंस. चिकटवून झाल्यावर मी पुन्हा लावलं असतं. देवीला का कुठं गाडी पकडायची होती?"

त्या दिवसापासून मी खणात पडून आहे. गंज धरला आहे. मला कुणी पुसत नाही, काडीवर चढवत नाही.

मित्रांनो, शस्त्राची पूजा जरूर करा, अवजारांनाही कुंकू लावा. पण ज्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तिथे आपल्या माणसाची भीड धरू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून जे सांगायचे तुम्ही टाळता, ते कदाचित त्याने हसत ऐकले असते. त्या बोकडाला मात्र एक अख्खी रात्र काढावी लागली.