सत्तावीस इंची पडदा

कंपनीच्या गेटवरच्या केबिनमध्ये बसून सर्जेराव दिवसभर गाड्यांचे नंबर वाचायचा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सिक्युरिटी गार्डला दुसरं काम तरी काय असतं? समोर भला मोठा पडदा, पडद्यावर गेट, आणि गेटातून येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक टेम्पो. नंबरातला आकडा न् आकडा लख्ख दिसायचा. इतकी वर्षं हे केल्यावर त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की पडदा चांगला असला म्हणजे नंबर दिसतो. खरं तर सगळी करामत होती ती वर खांबावर लावलेल्या भारी कॅमेऱ्याची. पण कॅमेऱ्याकडे मान वर करून कोण बघतो? माणूस समोरच्या पडद्यालाच शाबासकी देतो.

मोनाली त्याची एकुलती एक मुलगी. औरंगपुऱ्यात टॅक्सची कामं करणाऱ्या एका वकिलाकडे नोकरी करायची. संध्याकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायची आणि तिथून रस्त्याच्या कडेनं चालत घरी यायची. दिवाळी होऊन गेली होती, अंधार लवकर पडत होता. मागून एक पांढरी पिकअप आली, तिला उडवलं आणि फुलंब्रीच्या अंगाला निघून गेली. नंबर कुणी पाहिला नाही. पाहिला असेल तरी कुणी तसं म्हणालं नाही. पोलिसांच्या भानगडीत पडायला कुणाला वेळ आहे? फाट्यावरच्या खत-बियाण्याच्या दुकानाला एक कॅमेरा होता, तेवढाच काय तो एक साक्षीदार.

पोलीस ठाण्यातल्या जमादारांनी त्या कॅमेऱ्यातलं चित्रण आपल्या टेबलावरच्या पिवळट पडलेल्या मॉनिटरवर लावलं, आणि पिकअप पडद्याबाहेर गेली की बंद केलं.

"तुम्हीच सांगा सर्जेराव, दिसतंय का काही? नंबर मिळू द्या, त्याला घरातनं उचलून आणतो."

सर्जेरावनं ठाण्याचे उंबरे झिजवले. दर खेपेला चहा मिळाला आणि तपास चालू असल्याचं समजलं. शेवटी त्यानं दुकानदाराच्या हातापाया पडून ते चित्रण पेनड्राईव्हवर घेतलं. मोनालीच्या सेकंडहँड लॅपटॉपवर लावलं, तर त्या मंद, एवढ्याशा पडद्यावर काळोख आणि काळोखात दोन दिवे, बास. कंपनीतल्या मोठ्या पडद्यावर एकदाच लावू द्या म्हणून सुपरवायझरला विचारलं, तर त्यानं हात जोडले. बाहेरचा पेनड्राईव्ह लावला तर दोघंही घरी बसू, म्हणाला. त्याचंही काही खोटं नव्हतं.

मग सर्जेरावनं मनाशी ठरवूनच टाकलं, पडदाच विकत घ्यायचा. मोनालीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेले पैसे होते. ते आता कुणाच्या शिक्षणाला लागणार होते?

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून औरंगपुऱ्यात उतरला. गर्दीतून वाट काढत कॉम्प्युटरच्या दुकानात शिरला, तर समोरच्या भिंतीवर ओळीनं पडदे लावलेले आणि सगळ्यांवर एकच समुद्र हलत होता. विशाखा नावाची एक पोरगी पुढं आली. गळ्यात दुकानाचं ओळखपत्र, केसांच्या बुचड्यात खोचलेला पेन.

"बोला काका, कशासाठी पाहिजे मॉनिटर? ऑफिसचं काम, का पोरांना गेम खेळायला?"

"बारीक वाचायला पायजे."

"काय वाचायचंय?"

"आकडे."

"अच्छा, हिशोबाचं काम," तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं. त्यानंही तिला दुरुस्त केलं नाही.

तिनं आधी चोवीस इंची दाखवला. स्वस्त आणि मस्त, म्हणाली, हिशोबाला हाच जातो सगळीकडे. मग सत्तावीस इंची. मग त्याच आकाराचा पण दुपटीहून महाग असलेला फोर-के. एवढा फरक कशाचा म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा तिनं नीट समजावून सांगितलं. पडदा म्हणजे बारीक बारीक ठिपके. ठिपके जितके जास्त तितकं चित्र दाट, अक्षर कोरीव. या महागातल्यात साध्याच्या चौपट ठिपके. पोरगी कामात हुशार होती, आणि उगाच गळ्यात मारायचं म्हणून बोलत नव्हती. मध्येच तिनं एक कमानीसारखा वाकलेला पडदाही दाखवला.

"हा कर्व्ह बघा, काका. कडा जवळजवळ नाहीतच. दिसायला तर एकदम शानदार."

"वाकडा कशाला? मला सरळ बघायचंय."

ती खळखळून हसली. सर्जेरावनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मोनालीच्याच वयाची होती. तिलाही संध्याकाळी कुठल्यातरी फाट्यावर उतरायचं असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं.

फोर-के दाखवायला तिनं नमुन्याचा व्हिडिओ लावला, तो ओळीतल्या सगळ्याच पडद्यांवर आला. परदेशातलं कुठलंसं शहर, रुंद रस्ते, सिग्नलला उभ्या गाड्या. सर्जेरावनं खिशातून चष्मा काढला आणि फोर-केला नाक लागेल इतका वाकला. तिसऱ्या रांगेत एक लाल गाडी होती. तिची नंबरप्लेट कोथिंबिरीच्या पानाएवढी दिसत होती, पण तिच्यावरचं अक्षर न् अक्षर त्याला वाचता आलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. मग शेजारच्या स्वस्त पडद्यावर तीच लाल गाडी शोधली. तिथं नंबराचा नुसता काला झालेला.

"मंग व्हिडिओतल्या गाडीचा नंबर बी असाच दिसंल ना?" त्यानं विचारलं.

विशाखा थबकली. "कसला व्हिडिओ आहे, काका? सीसीटीव्हीचा?"

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"तसं असेल तर घाई नका करू. व्हिडिओत जेवढं असेल तेवढंच दिसतं. पडदा आपल्या पदरचं काही घालत नाही. पेनड्राईव्ह आणलाय का? लावून बघू इथंच, मग ठरवा. पैसे वाया नको जायला."

सर्जेरावचा हात शर्टाच्या खिशावर गेला. पेनड्राईव्ह तिथंच होता. लावला असता तर भरल्या दुकानात, ओळीनं लावलेल्या सगळ्या पडद्यांवर, एकाच वेळी त्याची लेक चालत आली असती आणि एकाच वेळी मेली असती. गिऱ्हाइकांनी हातातला चहा तसाच धरून ते बघितलं असतं. ही पोरगी बघत राहिली असती.

"नाय आनला," तो म्हणाला. "हाच द्या. महागातला."

तिनं मालकाशी बोलून भाव थोडा उतरवून घेतला, वायर फुकट दिली, आणि लॅपटॉपला कुठं जोडायची ते दोनदा करून दाखवलं. निघताना म्हणाली, "नाही जमलं तर खोकं फाडू नका काका, बदलून देते." तिचं बोलणं त्याच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोळ्यांनी वाचलेला लाल गाडीचा नंबर खोटा कसा असेल?

एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही घेतला का मामा?" सर्जेराव म्हणाला, "व्हय." एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हुशारी वाटत होती. नंबर घेऊन ठाण्यात जायचं, जमादारांच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, आता उचला. रस्ताभर तो हेच घोळवत होता.

घरी कुणी नव्हतं. बायको, केसरबाई, लोकाच्या रानात कापूस वेचायला गेली होती. घरात बसवत नाही म्हणून ती रोज जायची. सर्जेरावनं खिडक्या लावून घेतल्या, मोनालीच्या टेबलावर पडदा उभा केला, वायर जोडली. लॅपटॉपवरचं सगळं त्या मोठ्या काचेवर आलं तेव्हा त्यानं हात जोडले. कुणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पिकअप आली. त्यानं चित्र थांबवलं, मोठं केलं. नंबरप्लेटच्या जागी एक पांढरट चौकोन होता. आणखी मोठं केलं. चौकोनाचे चार चौकोन झाले, कुठं करडे, कुठं पांढरे. चित्रण थोडं मागं घेतलं, थोडं पुढं घेतलं. चष्मा पुसला, चष्मा काढला, लांब जाऊन बघितलं. ते चौकोन चौकोनच राहिले. दुकानदाराचा कॅमेरा खताची पोती चोरीला जाऊ नयेत म्हणून लावलेला, स्वस्तातला. त्यानं नंबर पाहिलाच नव्हता, तर पडदा दाखवणार कुठून? विशाखा काय म्हणत होती ते सर्जेरावला आत्ता कळलं, आणि डोकं धरून तो खुर्चीत मागं टेकला.

चित्र पुन्हा लहान करून त्यानं चालू केलं होतं, ते बंद करायचं राहून गेलं. ते चालूच राहिलं.

पिकअप निघून गेल्यानंतरचं आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. जमादारांनी पाहिलं नव्हतं, त्यानंही नाही. सगळ्यांना हवा होता नंबर, आणि नंबर तर गाडीबरोबर निघून गेलेला. लॅपटॉपवर रस्त्याची कड म्हणजे काळं फडकं दिसायची. या पडद्यावर मात्र त्या काळ्यात गवत वेगळं दिसत होतं, पाणी जायची चारी वेगळी दिसत होती, आणि चारीच्या काठावर काहीतरी हललं.

हात होता तो. वर आला, खाली पडला. पुन्हा वर आला.

एक ट्रक गेला, त्याच्या उजेडात मोनालीची पिशवी दिसली. एक कार गेली. एक मोटारसायकलवाला थांबला, पाय टेकून त्यानं कडेला बघितलं, इकडं तिकडं बघितलं आणि गेला. हात पुन्हा हलला. कोपऱ्यातलं घड्याळ पुढं सरकत होतं आणि रस्ता चालू होता. तो हात गवत धरून अंगाला पुढं ओढू बघत होता, गावाच्या दिशेनं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, जागच्या जागी गेली, तिला काही कळलंही नसेल. त्या एका वाक्यावर हे घर उभं होतं. जलदान विधीला आलेल्या प्रत्येक बाईला केसरबाई तेच सांगायची. माझ्या लेकराला तरास झाला नाय, जागच्या जागी गेली. सर्जेरावनं चित्रण बंद केलं आणि तोंडात शर्टाची बाही कोंबून रडला. हे हिला कळता कामा नये, एवढं एकच त्याला कळत होतं. लेकीला मारणारा मोकळाच राहिला, आणि वर हे पैसे मोजून घरात आणलं, या विचारानं त्याला त्या पडद्यावर दगड घालावासा वाटला.

दिवस कलताना केसरबाई आली. पाय धुऊन, तोंड पुसत आत आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"केवढा हाय! दिसला का वो नंबर?"

"नाय."

"आजिबात?"

"नाय दिसत, केसर. कॅमेराच हलका हाय. उद्या परत करून येतो."

ती खाली बसली, पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "करा परत. पन त्याच्याआधी मला दावा."

"काय दावू?"

"ती चालती ना त्याच्यात? चालताना दावा."

नाही म्हणायला त्याच्यापाशी कारण नव्हतं. त्यानं चित्रण लावलं आणि बोट बटणावर ठेवलं. कडेकडेनं मोनाली आली. पिशवी डाव्या खांद्याला, ओढणी कमरेला गाठ मारलेली, जरा पुढं झुकून चालायची सवय. मागून उजेड पडायला लागला, तसं सर्जेरावनं बटण दाबलं.

"दमलीया," केसरबाई म्हणाली. "दमली की अशीच वाकून चालायची. परत लावा."

त्यानं परत लावलं, परत त्याच जागी थांबवलं. ती परत लावा म्हणत राहिली आणि तो लावत राहिला.

"आता थांबवू नका," ती म्हणाली.

"फुडं काय नाय. गाडी हाय आन् अंधार हाय."

"फुडं काय हाय ते मला ठावं हाय."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"दवाखान्यातनं आनली तवा तिचे हात म्याच धुतले. नखांत माती व्हती. मूठ उघडली तर मुठीत गवत. जागच्या जागी गेलेलं मानूस गवत उपटतं व्हय?"

"मंग समद्यांना सांगत व्हतीस ते..."

"तुमच्यासाठी सांगत व्हते. तुमाला सोसलं नसतं."

केसरबाई उठली, खुर्चीजवळ आली आणि तिनं त्याचं बोट धरून बटणावरून बाजूला केलं.

"तवा तिच्याजवळ कुनी नव्हतं," ती म्हणाली. "सरका जरा. आता आपुन बसू."