बिनविरोध चेंडू

मी गोल्फच्या मैदानातला डबा बोलतोय. हसू नका. गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते, झेंडा आठवतो, पांढरा चेंडू आठवतो. तो चेंडू शेवटी ज्याच्यात पडायचा, त्याची चौकशी कुणी करत नाही. करावी अशी माझी अपेक्षाही नाही.

माझा जन्म तळेगाव ढमढेऱ्याचा. पाशा पत्रेवाल्यानं गोडेतेलाच्या डब्यातून मला कापलं, ठोकून गोल केलं, काठ आत दुमडला, पाणी निथळायला बुडाला भोकं पाडली. कशाला पाहिजे, असं त्यानं गिऱ्हाइकाला विचारलं. जमिनीत पुरायला, असं उत्तर मिळालं. पाशानं पुढं काही विचारलं नाही. पण सांधा असा पक्का मारला, की आजही हललेला नाही.

कोरेगाव भीमाच्या पुढं, वढूच्या अंगाला एक माळ होता. जवळच्या कारखान्यात आलेल्या एका परमुलखातल्या साहेबाला या खेळाची हौस. त्यानं माळावर पाच भोकं पाडली. कुसळाखेरीज तिथं काही उगवत नसे. म्हणून भोकाभोवती वाळू पसरली, वर अजीमच्या गॅरेजमधलं जळकं तेल ओतलं, आणि गोल्फमध्ये भोकाभोवतीच्या हिरवळीला ग्रीन म्हणतात, तसं त्या काळ्या वर्तुळाला ब्राऊन म्हणायला लोकांना शिकवलं. मग साहेबाची बदली झाली. साहेब गेला, भोकं राहिली. ती मोकळी कशी सोडायची, म्हणून गावच्या पुढाऱ्यांनी काठ्या हातात घेतल्या.

पाचवं भोक माझं. लिंबाच्या झाडाशेजारी. खेळ तिथूनच सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा. त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. नको तेसुद्धा.

या खेळात एक रीत आहे. चेंडू भोकापासून वीतभर राहिला, की समोरच्या गड्यानं म्हणायचं, 'सोडला'. मग तो पडलाच असं धरायचं आणि उचलायचा. रीत चांगली आहे. वीतभर अंतरासाठी मित्राला घाम कशाला फोडायचा? पण ती समोरच्यानं द्यायची असते. आपण मागायची नसते, आणि परस्पर घ्यायची तर मुळीच नसते.

आमच्या माळावर या रीतीला 'बिनविरोध' असं नाव पडलं. त्याला कारण बापूसाहेब. ते सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याविरुद्ध कधी कुणाचा अर्ज राहिला नाही. आलाच, तर भरणाऱ्याला माघारी घ्यायची सुबुद्धी व्हायची. रविवारी हाच माणूस माळावर यायचा. मग चेंडूला तरी वेगळा न्याय कसा मिळणार?

वीत कुणाची धरायची, ते मात्र ठरलेलं नव्हतं. अजीमचा चेंडू माझ्या काठावर लोंबकळत असला, तरी बापूसाहेब म्हणायचे, "खेळ." बापूसाहेबांचा चेंडू हातभर लांब असला, तरी बाळासो म्हणायचा, "बिनविरोध." हा बाळासो ठेकेदार. सोसायटीच्या गोदामाची कामं याच्याकडं. हाताचे दोन हात झाले, दोनाचे चार झाले. एकदा चेंडू अजून बाभळीखाली होता, आणि बाळासोनं लांबूनच हात वर केला.

कैक वर्षांत बापूसाहेबांचा एकही चेंडू माझ्यात पडला नाही. आपण जवळचा फटका कधी चुकवत नाही, असं ते पाहुण्यांना सांगायचे. ते खोटं नव्हतं. मारायचाच नाही, तर चुकायचा कुठून?

आणि एक दिवस मारुतराव आले.

मारुतराव दौंडचे. नोकरीपायी सारा मुलूख हिंडलेले, चांगल्या मैदानांवर खेळलेले. त्यांचा मुलगा स्वराज आणि बापूसाहेबांची नात मोनाली पुण्यात एकाच कॉलेजात शिकलेले. दोघांचं आपसात ठरलं होतं. आता मोठ्यांनी ठरवायचं होतं. बैठकीआधी निवांत एक डाव खेळू, ओळख होईल, असं बापूसाहेबांनीच कळवलं होतं.

त्या सकाळी पाहुणे यायच्या आधी मोनाली चहाचा थर्मास घेऊन लिंबाखाली आली.

"आबा, आज पडतं घ्या."

"पडतं? मी?"

"स्वराजचे वडील फार कडक आहेत. तुम्हीही तसेच. आज इथं वाजलं तर बैठक व्हायची नाही. आणि मी दुसरं स्थळ बघणार नाही, आधीच सांगते."

"वाजतंय कशाला? आपून मुलीकडचे. मला कळतं तेवढं."

मोनाली नुसतीच बघत राहिली. नातीच्या बघण्याला अर्ज माघारी घ्यायला लावता येत नाही. बापूसाहेब म्हणाले, बरं. मी पुढाऱ्यांच्या तोंडून असे पुष्कळ 'बरं' ऐकले होते. फारसा विश्वास ठेवला नाही.

मारुतराव आले, इस्त्रीच्या कपड्यात. सोबत पिशवी उचलायला स्वराज. तेल ओतलेली वाळू बघून त्यांनी नाक मुरडलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो. पण खेळाआधी त्यांनी लिंबाखाली सगळ्यांना नियम ऐकवले. चेंडू फक्त समोरचा गडी सोडू शकतो. न सोडलेला उचलला तर एक फटका दंड, आणि चेंडू परत जागेवर. सोडलेला परत घेता येत नाही. आणि सोडलेला नाकारताही येत नाही. बाळासो प्रत्येक नियमाला मान हलवत होता. एरवी तो ग्रामसभेत अशी मान हलवतो.

मग ते गेले, आणि चार भोकं फिरून माझ्याकडं परत आले. बोलण्यावरून मला कळलं, की मारुतरावांनी एकही चेंडू सोडला नव्हता. आणि बापूसाहेब योगायोगानं दोन भोकं लांबूनच हरले होते आणि दोन मारुतरावांचा चेंडू बाभळीत हरवल्यानं जिंकले होते, त्यामुळं त्यांचा जवळचा चेंडू सोडायची वेळच आली नव्हती. डाव बरोबरीत होता. मारुतरावांचा इथं एक फटका जास्त झालेला. म्हणजे बापूसाहेबांचं पारडं जड. त्यांचा चेंडू माझ्यापासून दीड वीत.

बाळासोनं सवयीनं हात वर केला. "बिनविरोध."

बापूसाहेबांनी सवयीनं वाकून चेंडू उचलला आणि खिशात टाकला.

मारुतराव हळूच म्हणाले, "मी सोडला नव्हता."

"बाळासो बोलला की," बापूसाहेब म्हणाले.

"बाळासो माझ्या बाजूनं खेळतायत?"

बाळासोला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो आकाशाकडं बघू लागला.

बापूसाहेबांच्या मानेची शीर मला खालून दिसते. ती फुगली. तोंड उघडलं. समोर मोनाली थर्मासचं झाकण घट्ट धरून उभी होती. स्वराजनं पिशवी खाली ठेवली होती. तोंड मिटलं. खिशातला चेंडू निघाला आणि वाळूवर परत आला. बापूसाहेबांनी दंड मान्य केला. अजीमनं पोत्याचा तुकडा ओढून वाट साफ करून दिली.

मग त्यांनी पटर हातात घेतला. जवळचा चेंडू भोकात ढकलायची ही काठी. इतक्या वर्षांत ती काठी त्यांनी फक्त टेकायला वापरलेली. नेम धरला. सोडला. परत धरला. दीड वीत म्हणजे केवढं, हे त्या दिवशी त्यांना कळलं असावं. चेंडू माझ्या काठाला घासून पलीकडं गेला.

"वाळूतच चढ हाय तिथं," बाळासो म्हणाला.

"न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "चुकला."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

आता मारुतरावांची पाळी. त्यांचा चेंडू हातभर. पडला तर डाव त्यांचा. चुकला तर बापूसाहेबांना अजून आशा. आणि तो चुकणार होता. मी इतकी वर्षं त्या जागी गाडलेला होतो, मला माहीत होतं. त्या बाजूला वाळू बसलेली होती आणि मारुतराव सरळ नेम धरून उभे होते. अजीमनंही ते ओळखलं. तो बापूसाहेबांच्या कानाशी लागला, "खेळू द्या. चुकतोय त्यो."

मलाही तेच हवं होतं. दोघांनी चुकत राहावं, कधीतरी एखाद्याचा माझ्यात पडेलच. आम्हा डब्यांनाही काही स्वार्थ असतो.

बापूसाहेबांनी मोनालीकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग मान वर करून म्हणाले,

"मारुतराव, सोडला."

मारुतराव ओणवेच थांबले. "एवढा लांबचा? नको. मी खेळतो."

"खेळता येत न्हाई. नाकारता येत न्हाई, मघाशी तुम्हीच सांगितलं."

नियम पाळणाऱ्या माणसाची हीच अडचण असते. जिंकून मारुतराव हरल्यासारखे उभे राहिले. मग वाकले, चेंडू उचलला आणि नीट पुसला. तो पुसण्याएवढा मळला नव्हता. स्वराज काही बोलू पाहत होता, त्याला हातानंच थांबवलं.

"बापूसाहेब," ते म्हणाले, "बैठक कसली घेताय? तारीख तुम्ही धरा. आम्हाला कळवा. आम्ही येऊ."

मुलाकडच्यांनी तारीख मुलीकडच्यांवर सोडायची, असं आमच्या भागात होत नाही. मोनालीनं कपात चहा ओतला. अर्धा बशीत गेला, अर्धा माझ्यात. चेंडू नाही तर नाही, निदान चहा.

लग्न झालं. चांगलं झालं म्हणतात. मला बोलावणं नव्हतं.

त्यानंतर बापूसाहेब प्रत्येक चेंडू स्वतः खेळू लागले. कुणी हात वर केला, की डोळे वटारायचे. सगळ्यांचे हाल झाले. न्याहारीला संपणारा खेळ जेवणापर्यंत चालायचा. बापूसाहेब चुकायचे, परत मारायचे, परत चुकायचे. पण पडला, की माझ्या बुडाला टण्णकन आवाज व्हायचा आणि चेअरमनसाहेब लहान पोरासारखे वाकून आत बघायचे.

पुढं माळ विकला गेला. आता तिथं गोदामं आहेत. तेवढा लिंबाचा कोपरा कुंपणाबाहेर राहिला आणि त्यात मी. काठ गंजलाय. आत माती आणि सरड्याचं बिऱ्हाड. तक्रार नाही. मला उपटायचं असेल तर खुशाल उपटा, फक्त सरड्याला आधी बाहेर काढा. तुम्हाला एवढंच सांगणं, की वीतभर राहिलेलं समोरच्याला सोडून द्यावं. स्वतःला मात्र सोडू नये.

आणि एक राहिलं. लग्नाच्या पुढच्या साली सोसायटीची निवडणूक लागली आणि बापूसाहेबांविरुद्ध अर्ज आला. बाळासोचा. लोकांना वाटलं, संध्याकाळपर्यंत माघारी जाईल. बाळासो स्वतःच माघारीचा कागद घेऊन घाबरत माळावर आला. बापूसाहेब वाकून चेंडूचा नेम धरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"न्हाई सोडत," ते म्हणाले. "खेळ."